मुठीचा डबा

नगर, ४ ऑगस्ट २०२५

चि. लीनास,

आत्याचा सलाम, आणि आशीर्वाद तर पोतंभर.

फोन करू नकोस हे आधीच सांगते. माझं कानातलं नवं यंत्र फोन लावला की शिट्टी मारतं, आणि तू तिकडून जे काही बोलतेस त्यातलं मला फक्त "हो ना आत्या" एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा कागद बरा. दोनदा वाचता येतो, आणि कुकर झाला म्हणून तुला मधूनच पळता येत नाही.

काम आहे. आपल्या चर्चच्या महिला मंडळाने हंगामाच्या सणासाठी यंदा एक खूळ काढलंय. खूळ माझंच आहे, पण मंडळाने काढलं म्हटलं की बरं दिसतं. प्रत्येकीने एका माणसाचं नाव लिहून द्यायचं, ज्याच्याकडे बघून आपला वाकलेला विश्वास पुन्हा ताठ उभा राहतो. सोबत त्या माणसाने काय केलं ते आठ-दहा ओळींत. अटी तीन. माणूस जिवंत हवा. पाळक-उपदेशक नको, कारण त्यांचं कामच आहे ते. आणि आपल्या घरातलं नको, नाहीतर निम्म्या बायका भीतीपोटी सासूबाईंचं नाव लिहितील. सणाच्या दिवशी सगळं वाचून दाखवायचं.

तू मंडळाची जुनी सभासद. जावईबापूंची बदली झाली म्हणून तुला सुटका नाही. कलकत्त्याहून एक नाव पाठव. एवढं मोठं शहर, त्यात एक माणूस सापडणार नाही होय?

मी माझं नाव केव्हाच लिहून टाकलं. दवाखान्यातली सिस्टर जान्हवी. सोपं काम. वृंदा अजून माझ्या मागच्याच बाकावर बसून गाते, अडतीस वर्षं तोच चढा सूर. तिने कोणाचं नाव लिहिलं कोण जाणे. मी विचारलं नाही.

आजीचा पितळी डबा नेलास ना? रोज तांदूळ काढताना पहिली मूठ देवाची, ती त्यात पडते ना? तुझ्या आजीने एका खोलीच्या संसारातही ती मूठ कधी चुकवली नाही, हे विसरू नकोस.

तुझी,
निर्मला आत्या


कोलकाता, १४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र वाचून अनीश म्हणाला, "आत्यांनी गृहपाठ दिलाय." तो मजेत आहे. रेल्वेचं क्वार्टर अजून यादीत अडकलंय, म्हणून बेहालाच्या या भाड्याच्या फ्लॅटमधून रोज ऑटो आणि बस करत गार्डन रीचच्या ऑफिसात जातो. येताना मासे आणतो, काटे मोजत खातो आणि आपण बंगाली झालो असं समजतो.

मी मात्र अजून नगरचीच आहे. रविवारी एस्प्लनेडच्या बाजूला इंग्रजी उपासनेला जातो. माणसं फार चांगली, पण गाणी अशी संथ की दुसरं कडवं येईपर्यंत मी घरच्या भाजीचा विचार करून घेते. टाळ नाही, ढोलकी नाही. हंगामाच्या सणाला धान्याचं पोतं नेलं तर ठेवायचं कुठे, हा त्यांना प्रश्न पडेल.

नाव म्हणशील तर खरंच सुचत नाही. ओळखीच कमी. बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट, त्यात मराठी आमच्याशिवाय फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या शारदाताई. त्या इथेच जन्मल्या, इथेच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. मराठी छान बोलतात, पण रागावल्या की बंगालीत रागावतात. त्यांनीच आम्हाला कामाला उषादी मिळवून दिली. उषा नस्कर तिचं नाव. आमतल्याहून बसने येते, या बिल्डिंगमध्ये चार घरचा स्वयंपाक आणि भांडी करते. तिला बंगालीशिवाय काही येत नाही, थोडं हिंदी समजतं. मला बंगाली येत नाही. आमचं सगळं हातवाऱ्यांवर चालतं.

डब्याचं विचारलंस ना? पहिल्याच दिवशी मी तिला नाटक करून दाखवलं. तांदळाची एक मूठ घेतली, डब्यात टाकली, वर बघितलं, हात जोडले. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "बुझेछि." म्हणजे समजलं. मला माझ्या अभिनयाचं फार कौतुक वाटलं.

पण आता एक गंमतच झालीये. गंमत तरी कसली! गेल्या महिन्यात सहज झाकण काढलं तर डबा रिकामा. तळाला चार दाणे. मला वाटलं आपणच कधी काढले असतील. मग लक्ष ठेवलं. रोज मूठ पडते, शुक्रवारी डबा बऱ्यापैकी भरलेला असतो आणि रविवारी सकाळी साफ! तीन शनिवार झाले. घरात मी, अनीश आणि उषादी. अनीशला तर डबा कुठे असतो हेही माहीत नाही.

तर आत्या, देवाच्या मुठीवर हात मारणाऱ्या बाईचं नाव चालेल का तुझ्या मंडळाला? तुझ्या तीन अटींत बसते ती.

तुझी,
लीना


नगर, २३ ऑगस्ट २०२५

चि. लीनास, सलाम.

नावं यायला लागली. अकरा आली. त्यात चौघींनी एकाच दाताच्या डॉक्टरचं नाव दिलंय, कारण तो दुखवत नाही. एकीने गुरांच्या डॉक्टरचं दिलंय. मी काही बोलले नाही. तिची म्हैस वाचली होती.

आता तुझ्या डब्याचं. यात गंमत काही नाही. माझं ऐक. कोणाजवळ एक अक्षर बोलू नकोस. शेजारीपाजारी नाही, त्या शारदाताईंजवळ नाही, जिन्यात तर मुळीच नाही. आधी तिलाच विचार. भाषा येत नसेल तर डबा तिच्यापुढे धर आणि भुवया वर कर. तेवढं तुला जमेल, लहानपणापासून नाटकी आहेस. पण तिलाच विचार. आधी तिला.

का, ते विचारू नकोस.

आणि दुसरं. तुम्ही फेब्रुवारीत तिकडे गेलात. म्हणजे सहा महिने तू देवासाठी तांदूळ काढतेस. तो दिलास कोणाला? तुझ्या पत्रात कुठे लिहिलेलं दिसलं नाही. देवाच्या नावाने काढलेला तांदूळ डब्यात ठेवून कोण जेवतं गं, शहाणे?

रागावू नकोस. पाय दुखतायत, म्हणून मी तिरसट लिहिते.

आत्या


कोलकाता, ३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास सलाम.

तुझं पत्र काल, मंगळवारी आलं. शनिवारी आलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या कमिटीचे सेक्रेटरी रघुनाथबाबू आले होते. १४ तारखेला दुर्गापूजेच्या तयारीची सभा आहे, तिचं सांगायला. भला माणूस, चुरगळलेला पांढरा कुर्ता, हातात वही. जाताना विचारलं, "और सब ठीक तो है?" आणि आत्या, माझ्या जिभेला हाड नाही. मी हसत हसत म्हणाले, "बाकी सब ठीक, बस हर शनिवार चावल गायब हो जाता है." त्यांनी विचारलं, कामाला कोण? मी नाव सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मी दार लावून घेतलं.

सोमवारी उषादी आली नाही. गेटवर आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. छत्री काखेत धरून ती उभी होती आणि रघुनाथबाबू विचारत होते, "चावल लिया?" तिने मान हलवली. लिया. "कहाँ ले जाती थी?" त्यावर ती गप्प. त्यांनी तीनदा विचारलं. वॉचमन पायाकडे बघत होता. मग तिने वर एकदा पाहिलं, थेट माझ्या खिडकीकडे, आणि बसस्टॉपकडे निघून गेली. माझ्याच नाही, चारही घरी तिला बंदी. आणि तीही पूजेच्या तोंडावर, जेव्हा इथे प्रत्येक कामवालीला नवी साडी आणि बोनस मिळतो.

तिने स्वतःच कबूल केलं ना? मग माझं काय चुकलं? कालपासून मी हे स्वतःला सांगतेय आणि भांडी घासतेय. भांडी काही निघत नाहीत.

लीना

ता. क. ४ सप्टेंबर. पाकीट बंद करायच्या आत शारदाताई आल्या. आल्या त्या बंगालीतच. मी काही न समजताही रडायला लागले, मग त्यांनी मराठीत सुरुवात केली.

"अगं, मुष्टीचा तांदूळ तो! आमच्या इथे घरोघर असायचा. रोज एक मूठ बाजूला, आणि आठवडा संपला की तो घराबाहेर जायला हवा. गरजवंताला. घरात साठवायचा नसतोच मुळी. उषाची आजीसुद्धा ठेवायची. तू तिला डबा दाखवलास, हात जोडलेस, तिला वाटलं या नव्या बाईला रीत माहीत आहे पण गाव माहीत नाही, कोणाला द्यायचा ते कळत नाही. म्हणून ती देत होती. तुझ्या वतीने!"

मग मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. बिल्डिंगमागे पाण्याच्या पंपाची खोली आहे. आत खाटेवर रमेश. आत्या, हा आमच्या गेटपाशी वीस वर्षं कोळशाची इस्त्री करणारा माणूस. उन्हाळ्यात लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. इस्त्री बंद, टेबल बंद. जूनमध्ये कमिटीने त्याला ही खोली सोडायला सांगितलं, आणि सगळ्यांना वाटतं तो बिहारला गावी गेला. गावी त्याचं कोणी उरलेलं नाही. वॉचमन डोळेझाक करतो आणि उषादी शनिवारी शेवटच्या घरचं काम झालं की माझ्या डब्यातला तांदूळ त्याला नेऊन द्यायची. भात शिजवायची. रोज तेल लावून त्याची बोटं एकेक करून उघडायची आणि मिटायची. दोन बोटं आता हलतात, त्याने मला हलवून दाखवली.

कुठे नेतेस, याचं उत्तर तिने गेटवर दिलं असतं तर तिचं काम वाचलं असतं आणि त्याचं छप्पर गेलं असतं. म्हणून ती चोर म्हणवून घेऊन घरी गेली.

मला तोंड दाखवायला जागा नाही. अनीश म्हणतो, रघुनाथबाबूंना गुपचूप गाठून सांगू. पण ते विचारणारच, दिला कोणाला? शारदाताई म्हणतात, १४ तारखेच्या सभेत उभी राहा. मी? माझ्या हिंदीत? सोळा घरांसमोर? काय करू ते लवकर लिही. स्पीडपोस्टने.


नगर, ८ सप्टेंबर २०२५

लिने,

स्पीडपोस्टच्या खिडकीशी उभी राहून हे पत्र टाकणार आहे, म्हणून आडवळण नको.

सभेत उभी राहा. गुपचूप काही चालायचं नाही. तिला चोर ठरवलं ते गेटवर, चारचौघांत. मग आपलं चुकलं हेही चारचौघांतच म्हणायचं. रमेशचं नाव मात्र तू घेऊ नकोस. ते उषाने जिवापाड राखलंय, ते तिचं आहे. तू फक्त तुझं सांग. तांदूळ माझा, देण्यासाठीच काढलेला, मी आळशी म्हणून दिला नाही, तिने दिला. एवढी चार वाक्यं. हिंदी मोडकी असली तरी चालेल, मान सरळ हवी.

आता का ते सांगते. त्या दिवशी विचारू नकोस म्हटलं होतं.

१९८७ साली हंगामाच्या सणाचं धान्य माझ्या ताब्यात होतं. बाजरीचं एक पोतं कमी भरलं. वृंदा तेव्हा चर्चची झाडलोट करायची. मी मंडळाच्या बैठकीत म्हणाले, "काल संध्याकाळी वृंदाच्या घराकडे हातगाडी जाताना मी पाहिली." एवढंच म्हणाले. चोर हा शब्दसुद्धा उच्चारला नाही, तेवढी मी हुशार होते. तिचं काम गेलं. महिन्याभराने कळलं की ते पोतं तुझ्या श्यामराव मामांनीच, म्हणजे आमच्या ह्यांनीच, चुकून वसतिगृहाच्या हातगाडीवर चढवलं होतं. मंडळात मी सांगितलं की पोतं सापडलं. सगळ्या "बरं झालं" म्हणाल्या. वृंदाला परत कामावर घ्या असं मी म्हणाले नाही, आणि तिच्या दारात जाऊन चुकलं असंही म्हणाले नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ, करता करता अडतीस वर्षं गेली. मामा गेले, त्यालाही सहा झाली.

आणि ती? दर नाताळाला तिच्या घरून माझ्याकडे करंज्यांचं ताट येतं. एक वर्ष चुकलं नाही. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून मी त्यात साखर घालून पाठवते. तोंडाने बोलायचं ते मी साखरेवर भागवलं. दर रविवारी ती माझ्या मागे गाते आणि मला वाटतं, ती मुद्दाम चढ्या सुरात गाते. तिचा सूरच तसा आहे गं. माझेच कान टोचतात.

तू माझ्यासारखी होऊ नकोस. तुझ्याकडे अजून सहा दिवस आहेत.

निर्मला आत्या


कोलकाता, १५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास सलाम, शंभरदा सलाम.

झालं. बोलले.

सभा खाली पार्किंगमध्ये होती. स्कूटर बाजूला सारून प्लास्टिकच्या खुर्च्या. आधी पाऊण तास अष्टमीच्या भोगाला खिचडी करायची की लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, यावर भांडण. मी मनात म्हणत होते, देवा, हे भांडण आणखी तासभर चालू दे. अनीश शेवटच्या रांगेत छत्री आवळून बसला होता, जणू मीच पाऊस पाडणार होते. खिचडी जिंकली. शारदाताईंनी मला कोपराने ढोसलं.

मी उभी राहिले. पाठ केलेली चार वाक्यं म्हणाले. चावल मेरा था. देने के लिए ही निकाला था, हमारे चर्च में ऐसा रिवाज है. मैंने दिया नहीं, उषादी ने दिया. गलती मेरी है, चोर उसको बोला गया. पाचवं वाक्य पाठ नव्हतं, ते आपोआप आलं. "मैंने उससे एक बार पूछा भी नहीं."

रघुनाथबाबूंनी वही उघडली. "लेकिन दिया किसको?"

मी म्हणाले, "जिसको देना था, उसको."

"मतलब किसको?"

आत्या, मी मान सरळ ठेवली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, मुष्टीचा तांदूळ कोणाला दिला हे विचारायचं नसतं, आमच्या घरी कधी विचारत नसत. मागून आणखी कोणीतरी म्हणालं, आमच्याकडे मातीचं मडकं होतं. मग एकेकीला आपापली आजी आठवायला लागली, शारदाताई माझ्या कानात भराभर मराठी करत होत्या आणि रघुनाथबाबू "ऑर्डर, ऑर्डर" म्हणत होते.

आणि मग स्कूटरींच्या मागून काठीचा आवाज आला. रमेश. एक पाय ओढत पुढे आला आणि म्हणाला, "हमको दिया, बाबू. उषा को कुछ मत बोलिए. हम आज ही चले जाएँगे."

मी पाहिलं, दोघा-तिघांची नजर आपल्याच बाहीवर गेली. वीस वर्षं त्यांच्या शर्टांना घडी त्यानेच घातली होती. रघुनाथबाबूंनी कुर्त्याची बाही ओढली. ती चुरगळलेली होती, रमेशला झटका आल्यापासून त्यांना मनासारखा इस्त्रीवाला मिळालेला नाही. मग ते खाकरले आणि म्हणाले, "पुढचा विषय. मंडपाचे दिवे."

मला असा राग आला म्हणून सांगू! पण सभा संपल्यावर त्यांनी वॉचमनला बाजूला घेतलं आणि पंपाच्या खोलीत पंखा बसतो का ते बघायला सांगितलं. आज सकाळी गेटच्या वहीत उषादीच्या नावावर मारलेली काट पुसलेली आहे. चुकलं असं तोंडाने ते म्हणाले नाहीत. म्हणतील कधीतरी. तुमच्या नगरकरांना अडतीस वर्षं लागतात, तर यांना निदान एक पूजा तरी देऊ. (चिडू नकोस. तूच शिकवलंस.)

पण आत्या, एक गोष्ट राहिली. उषादी आज तिन्ही घरी आली. आमच्याकडे नाही. शारदाताईंनी विचारलं तर एवढंच म्हणाली, "त्या दीदीने मला एकदा विचारलं का नाही?"

तू हेच लिहिलं होतंस. आधी तिला.

उद्या मी आमतल्याला जाणार आहे. बसने, एकटी, डबा घेऊन.

तुझी,
लीना


नगर, २६ सप्टेंबर २०२५

चि. लीनास सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि तो नगरकरांचा टोमणा चारदा वाचला. चौथ्यांदा वाचून झाल्यावर उठले आणि करंज्या करायला घेतल्या. सप्टेंबरात! शेजारची विचारते, नाताळ लवकर आला का? मी म्हटलं, उशिरा आलाय.

ताट घेऊन वृंदाच्या दारात गेले. आता ऐक. मला कमी ऐकू येतं. तिला माझ्याहून कमी. मी म्हणाले, "वृंदा, माझं चुकलं." ती म्हणाली, "काय विकलं?" मी पुन्हा म्हणाले. ती म्हणाली, "आत ये, उन्हात काय उभी?" मला आत जायचं नव्हतं, आत गेले असते तर पुन्हा साखरेवर भागलं असतं. मग मी ओरडले. "सत्त्याऐंशी सालची बाजरी तू नेली नव्हतीस! मी खोटं सुचवलं! तुझं काम माझ्यामुळे गेलं! मला माफ कर!" गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तुला चारचौघांत सांग म्हणाले होते, मला चाळीस मिळाले.

तिने ताट हातातून घेतलं. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे. श्यामराव त्याच वर्षी येऊन सांगून गेले. रडले होते गं."

लिने, बत्तीस वर्षं तो माणूस माझ्याबरोबर राहिला त्यानंतर, पण मला अक्षराने बोलला नाही. मी वृंदाला म्हटलं, "मग तुला माहीत होतं, तरी करंज्या पाठवायचीस?" ती म्हणाली, "म्हणून तर पाठवायचे. ताट परत द्यायला तू स्वतः येशील एखाद्या वर्षी, असं वाटायचं. दर वेळी पोर यायचं साखर घेऊन."

मी तिच्या ओट्यावर बसून रडले. ती म्हणाली, करंजीत खोबरं कमी पडलंय.

मंडळात सिस्टर जान्हवीचं नाव खोडून वृंदाचं लिहिलं. जान्हवीची मनापासून माफी मागितली, सध्या मला सवय झालीये. मग तुझ्या वतीने उषा नस्करचं नाव वाचलं, तर एकीने हरकत घेतली. "ती आपल्यातली नाही, ख्रिस्ती नाही." मी म्हटलं, अटी मी घातल्या होत्या, तीनच घातल्या होत्या. स्वतःवर आळ घेऊन दुसऱ्याचं छप्पर वाचवणं हे आपण दर रविवारी गातो, तिने ते गेटवर उभं राहून केलं. तिच्याकडे बघून माझा वाकलेला विश्वास ताठ उभा राहिला आणि वृंदाच्या दारापर्यंत चालत गेला. कोणाचा अजून वाकलेलाच असेल तर त्यांनी हरकत घ्यावी.

हरकत कोणी घेतली नाही.

आमतल्याचं काय झालं ते कळव. उशीर करू नकोस, माझं वय बघ.

आत्या


कोलकाता, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

सलाम. पूजा झाली, ढाक नावाचे इथले ढोल थांबले, माझे कान आत्ता कुठे तुझ्यापेक्षा बरे झालेत.

आमतल्याला उषादीच्या दारात मी डबा पुढे धरला आणि शारदाताईंकडून शिकलेलं एकच बंगाली वाक्य म्हणाले, "उषादी, हा कोणाला द्यायचा?" इतक्या उशिरा विचारलं. तिने मला मुरमुरे दिले, पाणी दिलं, समोर बसली. मी माफी मागितली, मराठीत, कारण रडताना मला दुसरी भाषा येत नाही. तिला सगळं समजलं. म्हणाली, "बुझेछि." पण लगेच आली नाही. म्हणाली, पूजेनंतर. ते मला आवडलं. दुखलं होतं तिला, ते एका डब्याने कसं जाणार?

इथे कोजागरीला लक्ष्मीपूजा असते, तिच्या दुसऱ्या दिवशी आली. नवी साडी नेसून, आणि साडीला कडक इस्त्री. रमेशने डाव्या हाताने केलेली पहिली. पंपाच्या खोलीबाहेर त्याचं टेबल पुन्हा लागलंय, आणि त्यावर सगळ्यात वर रघुनाथबाबूंचा कुर्ता असतो. परवा ते उषादीला जिन्यात भेटले आणि तिच्यासाठी बाजूला सरून उभे राहिले. तिने मला दोन्ही हातांनी करून दाखवलं, कसे उभे राहिले ते. आम्ही दोघी इतक्या हसलो की दूध उतू गेलं.

आता मूठ तीच टाकते. तिची मूठ माझ्या दीड मूठ आहे. अनीश म्हणतो, महिन्याचा तांदूळ लवकर संपतोय. मी म्हटलं, संपू दे.

काल शनिवार होता. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून खाली जाऊन आलो. आज सकाळी उठल्याबरोबर मी डब्याचं झाकण काढलं, उलटा केला आणि वर दोन थापा मारल्या. एक दाणाही राहायला नको.

तुझी,
लीना